वन्संची शॉकअपवाली सायकल

स्वतःच्या वजनाचा इतका अभिमान बाळगणारं माणूस माझ्या थोरल्या नणंदेखेरीज उभ्या रत्नागिरी तालुक्यात झालं नसेल. बायका वजन विचारलं की वय विचारल्यासारख्या गप्प होतात. आमच्या वन्सं न विचारता सांगत. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला, झोपाळ्यावर बसण्याआधी यजमानांना, आणि मला बघायला आल्या तेव्हा माझ्या वडिलांना सुद्धा. "अठ्ठ्याण्णव किलो आहे हो, खुर्ची लाकडीच द्या," हे त्यांचं माझ्या माहेरातलं पहिलं वाक्य. वडील त्याच क्षणी म्हणाले, घर चांगलं आहे.

वन्सं सरकारी परिचारिका होत्या. त्यांच्या वाड्या कातळावर पसरलेल्या. कातळ म्हणजे मैलोगणती उघडा जांभा. झाड नाही, धड रस्ता नाही, आणि एसटी आली तर आली. त्यामुळे वन्सं सायकलने फिरत. त्यांच्याखाली दोन लेडीज सायकली कामी आल्या. दुसरीचा सांगाडा मोडला तेव्हा त्या तिचं हँडल तेवढं हातात घेऊन चालत घरी आल्या आणि म्हणाल्या, "बिचारी भली होती गो, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही."

तेव्हा गियरच्या, जाड टायरच्या सायकली नुकत्याच आमच्याकडे दिसू लागल्या होत्या. वन्संनी खास त्यासाठी पांढरा पंजाबी ड्रेस शिवला आणि मला घेऊन बाजारातल्या दुकानात गेल्या. दुकानदाराने लालभडक सायकल पुढे केली. "बाई, हिला पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप. गादीवर बसल्यासारखं वाटेल." वन्सं बसल्या, आणि मागची स्प्रिंग जी खाली गेली ती वर यायचं नाव घेईना. तरी त्यांनी रस्त्यावर एक चक्कर मारली. प्रत्येक पायडलला सायकल आधी खाली, मग वर, आणि उरलंसुरलं पुढे. समोरच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली. त्यांच्या आधी वन्संच हसल्या. उतरून म्हणाल्या, "माझं निम्मं बळ ह्या स्प्रिंगनेच खाल्लं. मागे नको. मागची गादी देवाने मला घरची दिलेली आहे."

मग दुकानदाराने नुसत्या पुढच्या शॉकअपची आणली. हिच्यावर त्या झपाझप गेल्या, पण ब्रेक दाबताच पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारे दोन पाय, खाडकन तळाला टेकले. दुकानदार हळूच म्हणाला, "बाई, त्यापेक्षा मोपेड का नाही घेत?"

"मला नेणारी गाडी नको हो," वन्सं म्हणाल्या. "मी नेईन ती सायकल हवी." आणि चिमटा टेकत होता तरी तीच घेऊन घरी आल्या.

शेजारच्या खालांचा मुलगा दुबईला सायकलच्याच दुकानात होता. जुम्म्याला त्याचा फोन आला की वन्सं आपल्या शेजारधर्माने जाऊन बसत. त्या दिवशी त्यांनी खालांच्या हातातून फोनच घेतला. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला तारेची स्प्रिंग पुरायची नाही. हवेवरचा चिमटा येतो. जेवढं वजन, तेवढी हवा भरायची. मागचं चाक साधंच ठेवा." सुट्टीवर येताना लोक अत्तर आणतात, ब्लँकेटं आणतात, तो वन्संसाठी चिमटा आणि त्याचा लहानसा पंप घेऊन आला. "विमानतळावर तीनदा उघडायला लावलं," तो सांगत होता. "मी म्हटलं, आमच्या नर्सबाईंचा आहे, जपून धरा." त्याने तो सायकलला बसवला, वन्संना बसवून हवा भरली, थोडी सोडली, पुन्हा भरली. मग वन्सं अंगणातल्या पायरीवरून खाली उतरल्या. चिमटा वाकला आणि अदबीने वर आला. खालांनी मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

त्या हिवाळ्यातल्या पोलिओच्या रविवारी माझी नेमणूक कातळापलीकडच्या वाडीच्या शाळेत होती, मी शिक्षिका. पोरांना कडेवर घेऊन बाया सकाळपासून बसलेल्या, आणि लशीची पेटी आणणारी जीप हातखंब्याला बंद पडल्याचा निरोप आला. ऊन चढलं. बाया कुजबुजू लागल्या. एकदा घरी गेल्या तर पुन्हा कातळ तुडवून येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी काहीबाही बोलून त्यांना थोपवत होते, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "ता पांढरा काय येताहा?"

कातळावर पांढरा ठिपका होता. तो मोठा होत गेला. पुढचं चाक खळग्यात जाई, दगडावर चढे, चिमटा खालीवर होई, आणि वर वन्सं मात्र देवळातल्या मूर्तीसारख्या ताठ. पाठीला ओढणीने बांधलेली लशीची पेटी. अख्खी वाडी उठून उभी राहिली. "ह्या माझ्या नणंद," मी शेजारणीला सांगितलं, मग तिच्या शेजारणीला, मग कुणी विचारलं नव्हतं त्यांनाही.

वन्सं घामाने निथळत होत्या. "आधी पेटी सोड गो, माझं मागून बघ," म्हणाल्या. आतला बर्फ शाबूत होता. एकही पोर डोसाविना परत गेलं नाही.

निवृत्तीनंतर वन्सं मुलाकडे पुण्याला गेल्या. गुडघ्यांमुळे सायकल सुटली. ती आता नव्या परिचारिकेकडे आहे. पावसाळा सरता सरता त्यांचा फोन येतो. वजन सांगून होतं, मग आवाज जरा खाली येतो. "कातळावर फुलं आली का गो?"

"उद्या सांगते," मी म्हणते. त्यांना अंदाजाने सांगवत नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून जाते, जांभ्यावर पसरलेल्या त्या निळ्या-पिवळ्या फुलांत थोडा वेळ उभी राहते, आणि घरी आल्या आल्या फोन लावते.