आठवणी तपासणाऱ्या बाई

मेंदूज्वरानंतर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नवं काही लक्षात राहीना. सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी व्हायचा. सात वर्षं मी त्यांना दर महिन्याला करमाडहून पुंडलिकनगरला बाईंकडे न्यायचो. स्मरणशक्तीवर संशोधन करणाऱ्या आमच्या भागातल्या त्या पहिल्याच. पुस्तकी चाचण्या बाजूला सारून त्यांनी तिफण, वैरण, चुलवण अशा आमच्या शेतातल्या-घरातल्या शब्दांची यादी स्वतः केली होती.

बाई मोजकंच बोलायच्या. अण्णा आले की उठून उभ्या राहायच्या आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं आपलं नाव सांगायच्या. "ओळखलं का?" असं त्यांनी कधीच विचारलं नाही. मग म्हणायच्या, "मी तुमच्या आठवणीचा अभ्यास करतेय. काही प्रश्न विचारू का?"

"इचारा की," अण्णा दर वेळी म्हणायचे.

शेवटची चाचणी ठरल्या दिवशीच व्हायला हवी होती, नाही तर सात वर्षांचं काम अपुरं राहणार होतं. नेमकी त्या दिवशी अण्णांनी मान हलवली.

"नाय बाई. आज नको. लई दमलोय."

बाईंनी कागद फायलीत ठेवला, पेनाला टोपण लावलं.

मला राहवलं नाही. "बाई, मी त्यांना चहा पाजून आणतो. नाही म्हटलेलं त्यांना आठवणारसुद्धा नाही. मग पुन्हा विचारा."

बाईंनी अण्णांना हात देऊन उठवलं, त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "ते विसरतील हो. मला आठवेल ना."