कानसेनांचा शेवटचा रकाना

माझ्या पत्नीचे थोरले बंधू वेधशाळेत नोकरीस आहेत असे सांगितले, की लोक आदराने मान डोलावतात. ते तेथे काय करतात हे सांगितले, की तीच माणसे हसू दाबतात.

दूरच्या एखाद्या ग्रहावर कोणी शहाणे असेल, तर त्याचा संदेश टिपण्यासाठी आमच्या गावाबाहेर रेडिओ-दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. त्यांनी काही वेगळे टिपले, की दादांनी अँटेना घेऊन सायकलवर निघायचे आणि तो गावातल्याच कोणत्या बिघडलेल्या यंत्राचा प्रताप आहे, हे शोधायचे. मग नोंदवहीतल्या ‘मूळ’ या रकान्यात लिहायचे: गिरणीची मोटर, दंतवैद्याचे यंत्र, कुंपणाची सैल तार. सात दिवसांत मूळ सापडले नाही, तरच रकाना रिकामा ठेवून नोंद शास्त्रज्ञांकडे जाते. एकतीस वर्षांत तो एकदाही रिकामा राहिला नाही. सहकारी त्यांना कानसेन म्हणतात.

“भावोजी, निवृत्तीआधी एकदाच हरायचंय मला,” असे ते म्हणत.

परग्रहवासी गप्प का, हे कोडे मला कधीच पडले नाही. फुटक्या गटाराविषयी मी नगरपालिकेला एकोणीस पत्रे लिहिली आहेत. जेथे समोरच्या रस्त्यावरून उत्तर येत नाही, तेथे ताऱ्यांवरून काय येणार? दादांना हे पटत नसे. “ते बोलतही असतील हो. आपल्याच गलबल्यात ऐकू येत नसेल. मी गलबला तेवढा कमी करतो.”

निवृत्तीच्या आठवड्यातच तो संदेश आला. दोन लांब ठोके, एक आखूड, मग विराम. रोज दुपारी, तासन्‌तास. कोणीतरी एक बाजू उघडी ठेवून आयत काढीत आहे, असे तरुण शास्त्रज्ञ बाईंचे मत पडले. दादांनी सहा दिवस अख्खे गाव पालथे घातले. बहिणीचे घर तेवढे वगळले, कारण ते त्यांनी स्वतःच वर्षापूर्वी तपासले होते.

सातव्या दिवशी चार वाजता ते आमच्या दारात उभे राहिले. कानांवर हेडफोन, हातात अँटेना, चेहरा उतरलेला. अँटेना हळूहळू वळला आणि आतल्या खोलीकडे स्थिरावला. तेथे माझी पत्नी आठवडाभरापासून रुग्णालयासाठी उशांचे अभ्रे शिवीत होती. तिच्या मशीनला गेल्याच महिन्यात मी एक जुनी मोटर बसवून दिली होती; ती चालताना ठिणग्या टाकीत असे.

“चिमे, थांब जरा.” मशीन थांबले. “चालव.” चालू झाले. दोन लांब शिवणी, एक आखूड, मग अभ्रा उलटवण्यापुरता विराम. दादा मटकन पलंगावर बसले.

इतरांच्या नियमभंगावर कारवाई मागण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो मी दबक्या आवाजात म्हणालो, “दादा, मुदत सहापर्यंत आहे ना? मग तुम्ही इकडे आलाच नाहीत.”

पत्नीने माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

दादांचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडताहेत. ते हसत होते. “बुद्धिमान जीव आहे, यात शंका नाही.”

“चला, या घरात कुणीतरी कबूल केलं एकदाचं,” पत्नी म्हणाली.

त्यांनी वही उघडून ठसठशीत अक्षरांत लिहिले: धाकट्या बहिणीचे शिलाई मशीन.

“हरायचं राहिलं की तुमचं,” मी म्हणालो.

“राहिलं खरं. पण हिची ठिणगी वर गेली असेल ना? तिथंही माझ्यासारखा कुणीतरी सायकल घेऊन दारोदार वणवण करेल. सगळं गाव पालथं घालेल बिचारा. त्याचा रकाना रिकामा राहणार, भावोजी.”

इतकी क्षीण ठिणगी गावाची वेसही ओलांडणार नाही, हे मी सप्रमाण सांगू शकलो असतो. सांगितले नाही. दादांनी मोटरीचे झिजलेले कार्बन बदलायला पेचकस काढला आणि तसाच हातात धरून विचारले, “किती अभ्रे राहिलेत?”

“एकच.”

“मग तेवढा होऊ दे आधी.”

“झालर लावू का त्याला?” पत्नी म्हणाली. “बसू दे शोधत.”

“लाव,” म्हणत दादांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबले.