सुभान सरांचे चोपन्न

शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात सुभान तांबोळी सर गणित शिकवायचे. मार्क देताना त्यांचा हात असा आखडायचा की पोरं म्हणायची, सरांच्या घरी चहात साखरसुद्धा मोजून पडत असणार. हे साफ खोटं होतं. सर गोडखाऊ होते आणि त्यांची बायको हुसेनबी हाताची सढळ होती. पण लाल पेन हातात आलं की हाच माणूस परका व्हायचा. उत्तर बरोबर, पण मधली एक पायरी गाळली? गेला मार्क. शेवटी एकक लिहायचं राहिलं? गेला अर्धा. आकृती पेनानं काढली असेल तर मग विचारूच नका.

बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटाला, आणि त्याआधी डिसेंबरात कॉलेजची पूर्वपरीक्षा. तिला सगळे प्रिलिम म्हणायचे. सर प्रिलिमचा पेपर बोर्डापेक्षा कितीतरी अवघड काढायचे, आणि तपासताना दयामाया खुंटीला टांगून ठेवायचे. त्यामागं त्यांचा विचार होता. पोरगं डिसेंबरात पोळलं की जानेवारीत झोपत नाही. आणि व्हायचंही तसंच. त्यांच्याकडे चाळीस पडलेला पोरगा बोर्डात पंच्याहत्तर घेऊन यायचा. शहरात हे इतकं मुरलं होतं की वह्या-पुस्तकांच्या दुकानदारापासून क्लासवाल्यापर्यंत सगळे मनातल्या मनात हिशेब करायचे. "सुभान सरांचे पंचेचाळीस? मग पेढं आण की." शिरूरच्या बाजारपेठेत सरांच्या मार्कांना वेगळाच भाव होता. सरांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? वर्षानुवर्षं तो भाव उतरला नव्हता.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात गौतमीला चोपन्न पडले. गौतमी केंदूरची, शिरूरला मावशीकडे राहून शिकत होती. वडील सतीश रांजणगावच्या एका परदेशी कारखान्यात पेंट शॉपला होते. चोपन्न म्हटल्यावर वर्गातल्या पोरांनी बाकं वाजवली. पन्नास ओलांडणारं पोर सरांच्या हातून एवढ्या वर्षांत एकदाच निघालं होतं, त्यालाही आता बराच काळ लोटला होता.

कारखान्यानं त्या वर्षी एक योजना काढली. कामगारांच्या पोरांपैकी एकाला इंग्लंडातल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगला पाठवायचं, सगळा खर्च कारखान्याचा. गौतमीनं अर्ज केला. अर्जात दहावीचे गुण, अकरावीचे गुण, प्रिलिमचे गुण, आणि शेवटी एक रकाना होता, त्या भागात कुणी कधी न पाहिलेला. बोर्डाच्या परीक्षेत या विद्यार्थ्याला गणितात किती गुण पडतील, ते शिक्षकानं आधीच लिहून खाली सही करायची.

सरांनी तो रकाना वाचला आणि चष्मा काढला.

"हे काय? न झालेल्या परीक्षेचे मार्क लिहायचे? मी काय पोपटवाला आहे?"

"सर, तिकडं तशीच पद्धत हाय म्हणं," गौतमी म्हणाली. "आपला निकाल जूनला लागतो, त्यांच्या जागा त्याच्या आधी ठरतात. म्हणून शिक्षकाला विचारतात."

"तिकडं काय वाट्टेल ते करोत. पोटातल्या पोराचं बारसं मी घालत नाही."

प्रिलिमच्या पुढं त्यांनी ठसठशीत चोपन्न लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. गौतमीनं अर्ज उचलला आणि ती निघाली. सरांपुढं कोण बोलणार?

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सतीश सरांच्या घरी आले. कामावरून थेट आले होते, कपड्यांना रंगाचा वास होता. "जय भीम सर," म्हणाले, आणि बसायला सांगितलं तरी उभेच राहिले.

"पोरीचं नाव कापलं, सर."

कारखान्यातल्या साहेबांनी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. त्या विद्यापीठात एक तक्ता असतो. जगातल्या कुठल्याही बोर्डाचे मार्क आले की त्या तक्त्यात घालायचे आणि तिकडच्या मापात काढायचे. आपल्या बोर्डाचे गणितात ऐंशीच्या वर असतील तर थेट प्रवेश. त्याखाली पासष्टपर्यंत असतील तर आधी एक वर्ष तयारीचं, आणि त्या वर्षाचा खर्च कारखाना देत नाही. पासष्टच्या खाली असतील तर नमस्कार. शेवटचा रकाना रिकामा दिसला म्हणून तिथल्या कारकुनानं प्रिलिमचे चोपन्नच बोर्डाचे धरले आणि तक्त्यात घातले. झालं.

"त्यास्नी काय ठाऊक, सर, तुमचं चोपन्न म्हंजी काय ते," सतीश म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळं सरांना जास्तच लागलं. "साहेब म्हणालं, म्हैनाअखेरपत्तुर शाळेनं काय लिहून दिलं तर परत बघत्यात. पोरगी काय बोलंना, सर. अभ्यास करती, पर जेवत न्हाई."

ते गेल्यावर हुसेनबी आतून बाहेर आली. "एक आकडा लिहायचा तर तुमचं काय सोनं झिजणार होतं?"

"खोटं लिहू?"

"नव्वद पडतील हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत असणं वेगळं आणि सही करणं वेगळं."

"वा," हुसेनबी म्हणाली. "पोरगी बुडाली तरी चालेल, तुमची सही कोरडी राहू दे."

सर त्या रात्री तळमळले. आकडा लिहायला त्यांचा हात उठत नव्हता. समजा लिहिला आणि पोरीला तेवढे पडले नाहीत, तर? जन्मभर खऱ्या मार्कांचा माणूस म्हणून मिरवलं, आणि शेवटी अंदाजपंचे सही? सकाळी त्यांना वाट सुचली. आपण कशाला सांगायचं? आधीच्या पोरांचे मार्कच सांगतील. मागच्या वर्षांतल्या पहिल्या नंबरांचे प्रिलिमचे गुण आणि त्यांचे बोर्डाचे गुण समोरासमोर मांडायचे आणि विद्यापीठाला म्हणायचं, हा घ्या आमचा तक्ता, आता चोपन्नाचं काय होतं ते तुम्हीच काढा. सही फक्त झालेल्या गोष्टींवर. सर खूश झाले.

कॉलेजच्या कपाटात सगळे निकाल होते. बेचाळीसला शहात्तर. सेहेचाळीसला एक्क्याऐंशी. पण चोपन्नाच्या जवळपास जाणारं एकच नाव होतं. अंजना, न्हावऱ्याकडची, प्रिलिमला एक्कावन्न. तिच्या बोर्डाच्या निकालापुढं लिहिलं होतं, गैरहजर.

सरांना आठवलं. आजारी असेल असं तेव्हा वाटलं होतं आणि विषय तिथंच संपला होता. पण एवढी हुशार पोर, ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसली असणारच. तिचे मार्क मिळाले की घोडं गंगेत न्हालं. चौकशी करता कळलं की ती केडगावला दिली आहे, स्टेशनाजवळ तिची पिठाची गिरणी आहे. रविवारी सरांनी केडगावकडे जाणारी चौफुल्याची एसटी धरली.

गिरणी चालू होती. डोक्याला फडकं बांधलेली, भुवयांपर्यंत पांढरी झालेली बाई डब्यात पीठ धरत होती. तिनं दारात बघितलं, खटका बंद केला आणि पदराला हात पुसत पुढं आली.

"सर? तुम्ही हिकडं कुठं? बसा, बसा, त्या पोत्यावर नको, पीठ लागंल."

तिनं चहा सांगितला. सरांनी सगळी हकिकत सांगितली, गौतमी, इंग्लंड, तक्ता, आणि मग विचारलं, "अंजना, तू ऑक्टोबरला बसलीस ना? गणितात किती पडले?"

"न्हाई बसले सर. मार्चलाबी न्हाई, ऑक्टोबरलाबी न्हाई."

"का गं?"

अंजना थोडी हसली. "आप्पांनी कबूल केलं होतं, फस्क्लास पडला तर पुढं शिकवीन. प्रिलिमचा कागद घरी नेला. एक्कावन्न. आप्पा म्हणालं, एवढं दिवा लावून वाचती आन् एक्कावन्न? मी लई सांगितलं, आमच्या सरांचं एक्कावन्न म्हंजी लई. शिरूरात सगळ्यास्नी ठाऊक हाय. ते म्हणालं, मार्क ते मार्क, शिरूरचं येगळं आन् आपलं येगळं असतं का? जानेवारीत सोयरीक जमली. परीक्षेच्या पहिल्या पेपराला मला हळद लागली."

चहा आला. सरांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. इंग्लंडातल्या कारकुनाला ते आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि इथं न्हावऱ्याच्या आप्पांनी तेच केलं होतं. मुकाट्यानं, कागदावरचा आकडा वाचून. सरांच्या मार्कांचा भाव शिरूरच्या वेशीपर्यंतच चालायचा, आणि वेशीबाहेर राहणाऱ्या पोरी त्याच मार्कांनी तोलल्या जात होत्या. त्यांना फार वाईट वाटलं. अजून कोण कोण असेल, हा विचार मनात आला आणि त्यांनी तो पुढं जाऊ दिला नाही.

"सर," अंजनानं विचारलं, "माझं किती झालं असतं हो?"

न झालेल्या परीक्षेचे मार्क. सर गप्प राहिले असते, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांना राहवलं नाही.

"पंच्याऐंशी."

"नक्की?"

"नक्की. एखादा वर. खाली नाही."

तिनं जात्याच्या दगडावरचं पीठ पदरानं झटकलं. मग म्हणाली, "हे तवा घरी येऊन सांगितलं असतं, तर आप्पांनी ऐकलं असतं. तुमच्या शब्दाला लई मानायचं ते. मला वाटायचं, सर येतील."

"मला कळलंच नाही गं."

"व्हय. मीबी सांगितलं न्हाई." तिनं कप उचलला. "पर त्या पोरीचं तर कळलंय न्हवं? मग माझं कशाला इचारत बसलाय? माझं आज फाटदिशी सांगितलं, तसं तिचं लिहून टाका. तक्ता-बिक्ता ऱ्हाऊ द्या."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर तुमचं नाव जाईल. तिचं तर आत्ताच चाललंय."

सतीश त्या संध्याकाळी अर्जाची प्रत ठेवून गेले होते, ती सरांनी पिशवीतून काढली. टेकायला काही नव्हतं, तेव्हा अंजनानं एका पिठाच्या डब्याचं झाकण पुसून पुढं केलं. सरांनी आडव्या रेघेच्या वर लिहिलं, नव्वद. आणि सही केली. झाकण डुगडुगत होतं, त्यामुळं सही जराशी वाकडी आली. तो कागद दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फॅक्सनं गेला आणि काही दिवसांनी उत्तर आलं. बोर्डात ऐंशीच्या वर पडले तर जागा पक्की. गौतमीला अठ्ठ्याऐंशी पडले. सप्टेंबरात ती गेली. सतीशनी पेढे आणले तेव्हा सरांनी चार खाल्ले आणि हुसेनबीचं बोलणं ऐकून घेतलं.

त्याआधी, जुलैत, सर पुन्हा केडगावला जाऊन आले होते. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म बरोबर होता. वाटेत त्यांनी सगळं ठरवलं होतं. रविवारी आपण इथं यायचं, शिकवायचं, फीचं बघून घ्यायचं, नवऱ्याशी बोलायचं. गिरणीत पोहोचताच त्यांनी अंजनाला आधी गौतमीचे मार्क सांगितले. तिला खरंच आनंद झाला.

"माझ्यापेक्षा तीन जास्ती," ती म्हणाली.

मग त्यांनी फॉर्म पुढं केला. अंजनानं हात पुसून तो घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला, आणि होती तशी घडी घालून परत सरांच्या हातात दिला.

"पंच्याऐंशी पडल्यात की मला. तुम्हीच तर सांगितलं. आता परत कशाला बसू?"

ती हसत होती, पण चेष्टा करत नव्हती. बाहेर बाया डबे घेऊन खोळंबल्या होत्या. तिनं खटका दाबला आणि गिरणी सुरू झाली. सरांनी फॉर्म पिशवीत ठेवला. दळण संपेपर्यंत ते तिथंच बसून राहिले.