बाईंचं नाव आणि कांद्याचं सूप

कोरेगाव पार्कातल्या फ्रेंच रेस्टॉरंटचं परीक्षण आमच्या दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत बाईंच्या नावानं छापून आलं. त्यातलं एकही वाक्य बाईंनी लिहिलेलं नव्हतं. हिंजवडीत आयटी कंपन्यांच्या इमारती भराभर वर चढत होत्या, त्या वर्षांतली ही घटना. मी तेव्हा शहर वार्ताहर होतो आणि माझं टेबल बाईंच्या टेबलाला लागून होतं.

बाई पुरवणीत खाण्यावरचं सदर लिहीत. सगळं कार्यालय त्यांना बाईच म्हणे. हॉटेलात गेल्यावर त्या आधी पाण्याचा पेला उजेडासमोर धरून पाहत, मग मेनूकार्ड मागत. ओळख पटून मालक टेबलाशी येऊन हात चोळू लागला, की त्यांचं वाक्य ठरलेलं असे. "तुम्ही गल्ल्यावर बसा. आम्ही जेवायला आलोय, दर्शनाला नाही."

एका ठिकाणी तीनदा जेवल्याशिवाय त्या लिहीत नसत. एकदा दुपारी, एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा अशा कुणाला तरी सोबत घेऊन, ज्यानं तसलं जेवण पूर्वी कधी खाल्लेलं नाही. तुम्ही विचाराल, या तिसऱ्या माणसाची गरज काय? आम्हीही विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "माझी जीभ सराईत झालीय. वाचकाची नाही."

हा वाचक त्यांना मंडईत गाठे, बसथांब्यावर गाठे. व्याह्यांना जेवायला कुठं न्यावं, हे विचारायला लोक कार्यालयात फोन करत. कुणी निवृत्त गृहस्थ त्यांचं कात्रण खिशात ठेवून हॉटेलात जात आणि वेटरला ते दाखवून तोच पदार्थ मागत. बाई प्रत्येक फोन गंभीरपणे घेत. व्याही कुठले, तिखट चालतं का, गुडघे दुखतात का, जिना चढवेल का, अशी चौकशी चाले.

फ्रेंच रेस्टॉरंट उघडलं तेव्हा शहरात त्याचा बराच गवगवा झाला. पहिल्या खेपेला बाई दुपारी गेल्या. टेबलं रिकामी होती, तरी त्यांना स्वच्छतागृहाच्या दाराजवळचं टेबल दिलं गेलं. पाव गार आणि चिवट होता. लोणी इतकं गोठलेलं, की सुरी उभी राहिली. शेवटी एक गोड पदार्थ आला. बाईंनी त्याचं नाव वाचलं, तेव्हा वेटरनं हसून त्यांचा उच्चार दुरुस्त केला. बाईंनी एक घास खाल्ला आणि त्याला सांगितलं, "उच्चार तुमचा बरोबर असेल. पण हे धिरडं आहे, आणि गार आहे."

दुसऱ्या खेपेला शनिवारची संध्याकाळ होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलेली मुलं-मुली नंतर येऊन आधी जेवली. बाईंच्या ताटात वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी आली, ती हाडाजवळ कच्ची निघाली. परत पाठवली, तर तीच गरम करून आणली. बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, की इथवर काही बिघडलेलं नाही. वाईट जेवण पुण्याला नवीन नाही. तिसरी खेप व्हायची आहे.

तिसऱ्या खेपेला त्यांनी आपल्या थोरल्या नणंदेला नेलं आणि मलाही सोबत घेतलं. वन्सं सत्तरीच्या पुढच्या, कात्रजला मुलाकडे राहत. गळ्यात तुळशीची माळ. लग्नानंतर काही वर्षांतच त्यांनी ती घातली होती आणि तेव्हापासून मांस-मासे सोडले होते. बाईंच्या घरी रविवारी मटण शिजे, त्या दिवशी वन्सं आल्या तर बाई वेगळ्या भांड्यात पिठलं करत. दोघींत त्यावरून कधी शब्द झाला नव्हता.

मेनूकार्डावर शाकाहारी पदार्थांच्या रकान्यात पहिलंच नाव कांद्याच्या सुपाचं होतं. तरीही बाईंनी वेटरला विचारलं. तो म्हणाला, "प्युअर व्हेज, मॅडम. ओन्ली अनियन." बाईंनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. मग बाई वन्संना म्हणाल्या, "घ्या तुम्ही. कांदाच आहे."

वाडगा आला. वर चीज लावलेला भाजका पाव तरंगत होता, खाली तपकिरी, पातळ सूप. वन्संना आवडलं. त्या कौतुकानं म्हणाल्या, की कांद्याला एवढी चव येते हे ठाऊक नव्हतं. अर्धा वाडगा संपला, तेव्हा बाईंनी त्यातला एक चमचा घेतला.

चमचा त्यांनी टेबलावर ठेवला. "वन्सं, थांबा."

"का, काय झालं वहिनी?"

 बाईंनी आचाऱ्याला बाहेर बोलावलं. तो यायला तयार नव्हता. बाई उठून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आला. तरुण होता, उंच पांढरी टोपी घातलेला. बाई म्हणाल्या, "ही अळणी आहे. कोंबडी उकडून काढलेलं पाणी. आमच्याकडे आजारी माणसाला देतात. मला शिकवू नका."

आचारी इकडे तिकडे पाहून म्हणाला, की स्टॉक कोंबडीचाच असतो. त्याशिवाय चव येत नाही. कोंबडीचे तुकडे सुपात नाहीत, म्हणून ते व्हेज. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

वन्संनी सगळं ऐकलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, दोन्ही हातांनी गळ्यातली माळ काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "चला वहिनी, घरी जाऊ."  कात्रजला पोचेपर्यंत बाईंचा हात त्यांनी धरून ठेवला होता.

त्या आठवड्यात बाईंनी जो मजकूर दिला, त्याचं पहिलं वाक्य होतं, "या रेस्टॉरंटच्या कांद्याच्या सुपात कोंबडीची अळणी घालतात आणि ते शाकाहारी म्हणून विकतात." पुढं पाव, कोंबडी, धिरडं हे सगळं चार ओळींत आटोपलं होतं. उरलेला मजकूर सुपाचा. त्यात विशेषण एकही नव्हतं.

शनिवारी छापून आलं ते वेगळंच. सुपाला 'स्वर्गीय' म्हटलेलं होतं. शाकाहारी खवय्यांनी ते अवश्य घ्यावं, अशी शिफारस होती. खाली बाईंचं नाव, सदराचं नेहमीचं चित्र, आणि शेजारच्या पानावर रेस्टॉरंटची पानभर जाहिरात. मजकूर जाहिरात विभागात नव्यानं आलेल्या एकानं लिहिला होता. तो रेस्टॉरंटमध्ये गेलेला नव्हता. हे त्यानं स्वतःच मला सांगितलं, आणि त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

बाई संपादकांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. संपादकांनी त्यांना बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. त्यांची मागणी एकच होती. पुढच्या शनिवारी खुलासा छापा, की सूप मांसाहारी आहे. बाकी काय छापायचं ते छापा. संपादकांनी चष्मा काढून पुसला. पुरवणी कशावर चालते, स्पर्धा किती वाढली आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "बाई, काळ बदललाय."

"काळ बदलला म्हणून कोंबडीचा कांदा होत नाही."

त्या जेवणाच्या वेळी टेबलाशी मीही होतो, हे मी संपादकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खुलासा पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. त्या दोन आठवड्यांत बाईंना वाचकांचे फोन येत राहिले. बहुतेकांना पत्ता हवा होता. बाई प्रत्येकाला सांगत, की ते मी लिहिलेलं नाही, जाऊ नका. एका गृहस्थांचा फोन मात्र जेवून आल्यानंतरचा होता. आईला नेलं होतं, सूप तिला फार आवडलं, आभार मानायला फोन केला, असं ते म्हणाले. बाईंनी त्यांना खरं सांगितलं. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. बाई बराच वेळ फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि मधूनमधून फक्त "हो" म्हणत होत्या.

त्याच संध्याकाळी त्या कोरेगाव पार्कात जाऊन रेस्टॉरंटसमोरच्या पदपथावर उभ्या राहिल्या. आत जाणाऱ्याला त्या सांगत, "कांद्याच्या सुपात कोंबडीची अळणी आहे. शाकाहारी असाल तर घेऊ नका." आवाज चढवत नसत. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा पहारेकऱ्यानं त्यांना खुर्ची दिली होती. ती त्यांनी पिशवी ठेवायला वापरली.

एक कुटुंब थांबलं. नवरा, बायको, सासूबाई. त्यांनी बाईंचं नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात मालक बाहेर आला. तो बाईंशी वाद घालत बसला नाही. त्या कुटुंबाला त्यानं आदरानं दारात नेलं आणि आतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथं आमच्या पुरवणीचं पान चौकटीत लावलेलं होतं. नवऱ्यानं ते वाचलं, खालचं नाव वाचलं आणि बाहेर येऊन बाईंना विचारलं, "अहो, पण यांनी तर लिहिलंय की शाकाहारी आहे. तुम्ही ओळखता का यांना?"

"मीच ती," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, पहारेकऱ्याकडे पाहिलं आणि बायकोला आत चलायची खूण केली. सासूबाई मागं वळून बघत होत्या.

बाईंनी पिशवी उचलली. रिक्षात त्या मला एवढंच म्हणाल्या, की आपल्या नावानं लोक फसतात, हे बघायला जिवंत असायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. सदर चालू राहिलं, नाव दुसरं आलं.

त्यानंतर त्या वन्संना घेऊन स्वारगेटहून एसटीनं सासवडच्या पुढच्या एका गावी गेल्या. ज्या महाराजांनी माळ घातली होती, त्यांचे चिरंजीव तिथं होते. त्यांनी वन्संची समजूत घातली, की नकळत घडलं, त्यात दोष नाही. वन्संना बरं वाटलं. बाईंनी मात्र विचारलं, "यांना ठाऊक नव्हतं, हे खरं. ज्यांना ठाऊक होतं त्यांचं काय?"  चिरंजिवांनी वन्संच्या गळ्यात माळ घातली. हे मला वन्संनी सांगितलं. बाईंनी त्या गावाचा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही.

पुढं त्या वारज्याला राहायला गेल्या. मी अधूनमधून जात असे. त्या जेवायला वाढत आणि आपण लिहीत होतो, हा विषय टाळत. रेस्टॉरंट काही वर्षांनी बंद झालं. जागेत कपड्यांचं दुकान आलं.

बाई वारल्या, तेव्हा मी दैनिक सोडलेलं होतं. निधनवार्ता आतल्या पानावर, फोटोशिवाय आली. ती जुन्या कात्रणांवरून तयार केली होती. तिच्यात बाईंच्या एकाच लेखाचा उल्लेख होता. तो कोरेगाव पार्कातल्या फ्रेंच रेस्टॉरंटवरचा.