मिसरीचा वास
आज शेजारी कुणीतरी मिसरीसाठी तव्यावर तंबाखू भाजली आणि त्या वासानं मला झरी गावातलं दंततपासणी शिबिर आठवलं. दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते मी. शाळेच्या व्हरांड्यात बायकांना ‘मिसरी सोडा, ब्रश करा’ सांगत होते, आणि आईचं बघून लागलेल्या सवयीनं स्वतः मात्र रोज सकाळी वसतिगृहाच्या मोरीत गुपचूप मिसरी लावत होते. एका बाईच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. असा चट्टा कर्करोगाची सुरुवात असू शकतो; तिला आमच्या कॉलेजच्या सरांकडे पाठवायलाच हवं होतं. मी आणखी वाकले तशी ती हसली, ‘अगं माय, डॉक्टरीणबाई, तुमच्याबी तोंडाला मिसरीचा वास यायलाय की! सांगू का तुमच्या सरांला?’ थट्टाच होती ती, पण सर चार पावलांवर उभे होते. त्यांच्यापुढं बसली तर ही बोलणारच, एवढंच डोक्यात. मी कागदावर ‘निरोगी’ लिहिलं आणि म्हटलं, ‘काही नाही मावशी, जा घरी.’ ‘लय भेव वाटायलं होतं बघा मला,’ म्हणत ती मोकळ्या मनानं निघून गेली. त्या दिवसापासून मी मिसरीला हात लावलेला नाही. तिचं पुढं काय झालं हे विचारायला मात्र कधी गेले नाही. आणि मी राहते त्या परभणीहून झरी एसटीनं तासाभराचीसुद्धा वाट नाही.