इंजिन कोठे?

चेन्नईत मैलापूरला आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत. सगळी गल्ली त्यांना टीचरम्मा म्हणते. घराणं तंजावरकडचं, घरात मराठी. पण ती मराठी माझ्यासारख्या चिपळूणच्या बाईला पहिले काही महिने जपून ऐकावी लागली. शब्द जुन्या पत्रांतले आणि चाल तमिळची. "पाणी आलं नाही तर मज सांग," असं त्या म्हणायच्या, आणि मला उगाच पोथी ऐकल्यासारखं वाटायचं.

मागच्या डिसेंबरात त्या जिना चढून वर आल्या. गुडघा धरूनच बसल्या.

"नीलगिरीच्या आगगाडीबद्दल मी बत्तीस वर्षं पोरींस शिकवलं. डोळ्यांनी एकदाही पाहिली नाही. तू येतेस?"

माझ्या नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून सुट्टी मिळणं कठीण, त्यामुळे आम्ही दोघीच निघायचं ठरलं. खरं सांगायचं तर मला फारशी उत्सुकता नव्हती. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत आणि पुलांवर मी लहानाची मोठी झाले. मला कोण काय घाट दाखवणार? तसं मी बोललेसुद्धा. काकू म्हणाल्या, "सेरी, सेरी. बरं, तुझा घाट मोठा. आता बॅग भर."

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने आम्ही सकाळी मेट्टुपाळयमला उतरलो. नीलगिरीची छोटी निळी गाडी समोरच्या फलाटावर उभीच होती. धावतपळत जाऊन बसलो. आमचा डबा अगदी पहिला. खिडकीतून डोकं काढून पाहिलं तर पुढे नुसते रूळ.

"इंजिन यायचं आहे," काकू म्हणाल्या. "मग जोडतील."

त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतायला घेतली, तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली. इंजिनाशिवाय! काकूंनी माझं मनगट घट्ट पकडलं. अर्धी कॉफी माझ्या साडीवर.

"अगे, इंजिन कोठे?"

डब्याच्या पुढच्या टोकाला निशाणं घेऊन ब्रेकवाला बसला होता. तो मागे वळून हसला आणि तमिळमध्ये म्हणाला, "मागे आहे अम्मा. चढताना इंजिन मागून ढकलतं."

काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "बत्तीस वर्षं मी फळ्यावर इंजिन पुढे काढत आले," त्या हळूच मला म्हणाल्या. "हजार पोरींनी तेच परीक्षेत काढलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले!" मग त्यांना हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. पदराने डोळे पुसत त्यांनी ब्रेकवाल्यालाही ही गोष्ट सांगितली. तो गंभीरपणे म्हणाला, "उतरताना इंजिन पुढेच असतं, अम्मा. तुम्ही उतरणारी गाडी शिकवलीत."

काकूंनी ते उत्तर फार मानाने स्वीकारलं.

पुढे चढ लागला आणि गाडी माणसाच्या चालीने जाऊ लागली. एका बाजूला ओला कातळ इतका जवळ की हात लावावा, दुसऱ्या बाजूला झाडांचे शेंडे आपल्या पायांखाली. वळणावर मागचे डबे आणि त्यामागे धापा टाकणारं इंजिन एकदम दिसलं, तेव्हा मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडले. काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. कोकणाचं नाव त्यांनी काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मध्ये एका लहान स्टेशनावर इंजिन पाणी प्यायला थांबलं. काकू गुडघा विसरून उतरल्या आणि थेट मागे इंजिनाकडे निघाल्या. दोन रुळांच्या मधोमध दातांची पट्टी होती. त्या वाकून बघत राहिल्या. चार-पाच कॉलेजच्या मुली फोटो काढत होत्या. त्यांना काकूंनी जवळ बोलावलं आणि तमिळमध्ये धडा सुरू केला. इंजिनाखालचं दातेरी चाक या पट्टीत कसं अडकतं, म्हणून गाडी मागे कशी घसरत नाही, हे त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवलं. मुलींनी मोबाइल खाली केले. एकीने तर हात वर करून शंका विचारली! शिट्टी झाल्यावर त्याच मुलींनी काकूंना दोन्ही बाजूंनी धरून डब्यात चढवलं.

उटीला थंडी होती. आम्ही गरम भजी खाल्ली, तळं पाहिलं, काकूंसाठी कानटोपी घेतली. पण त्यांचं लक्ष कशात नव्हतं. परतीचं आमचं बसचं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा त्या खोलीत नव्हत्या. घाबरून खाली आले, तर कानटोपी घालून त्या रिक्षातून उतरत होत्या, हातात दोन तिकिटं.

"बसने कोण जातो? मी शिकवलेली गाडी मज पाहिली पाहिजे."

जागा राखीव नव्हत्या. सहा जणांच्या बाकावर आठ जण बसलो. कुन्नूरला डिझेलचं इंजिन काढलं आणि वाफेचं इंजिन खरंच पुढे लागलं. काकू उभ्या राहून खिडकीतून बघत होत्या. धुराची काजळी त्यांच्या नाकावर बसली, ती मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे." शेजारच्या बाईने दिलेला चकलीसारखा मुरुक्कू खात आम्ही दोघी काळ्या नाकांनी घाट उतरलो.