गव्हाची वैरीण

आमची थोरली अकरा वर्षं माझ्याशी थेट एक शब्द बोलली नाही. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. मसुऱ्यातलं घर एकच, पण मधे भिंत घालून दोन चुली झालेल्या, मागचं अंगण तेवढं सामाईक. मला जे ऐकवायचं असेल ते ती त्या अंगणात उभी राहून कोंबड्यांना सांगायची. मीही काही कमी नव्हते. मी माझं उत्तर भांड्यांतून द्यायचे, जरा आपटून.

वैराचं मूळ विचाराल तर चपाती. मी फोंडाघाटची. आमच्याकडे घाटावरून उतरणारा गहू, सकाळच्या डब्याला चपाती ठरलेली. लग्न होऊन आले, पहिल्याच आठवड्यात चपात्या लाटल्या, तर थोरली पाहुण्यांसमोर म्हणाली, "घाटीण इली आमच्यात." अहो, फोंडाघाट घाटाच्या खाली आहे, हे त्या बाईला कोण सांगणार! तिचं म्हणणं एकच, आपल्या मातीत जे पिकत नाही ते आपल्या पोटात जिरत नाही. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटायचा, म्हणून मी हट्टाने दोन्ही वेळेला चपात्या करायचे. पुढे घरात वाटण्या झाल्या आणि होतं तेवढं बोलणंही संपलं.

मग माझी मनू पाच वर्षांची झाली आणि वाळायला लागली. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, जुलाब थांबेनात. चार डॉक्टर झाले. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू सोसत नाही. गव्हातल्या ग्लुटेनने हिची आतडी सुजतात. पोळी, रवा, मैदा, बिस्किट, जन्मभर काही नाही, चिमूटभरसुद्धा नाही. मला पहिलं वाईट कशाचं वाटलं सांगू? थोरली खरी ठरली याचं. पोरीची आई असून मनात आधी हे आलं, याची लाज मला आजही वाटते.

चपाती त्या दिवसापासून बंद केली. तांदळाची भाकरी, घावणे, पेज, सगळं सुरू केलं. तरी तीन महिने झाले, पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढेना. मनू सारखी थोरलीच्या चुलीपाशी असायची, त्यामुळे माझी खात्रीच पटली की ही बया तिला चोरून चहात बुडवून बेकरीचं मैद्याचं बटर देते. एक दिवस भर अंगणात मी तोंड सोडलं. तुला स्वतःला मूल नाही म्हणून माझ्या पोरीच्या जिवावर उठलीस काय, असं म्हणाले. बोलून गेले आणि जीभ चावली, पण शब्द मागे घेतले नाहीत. थोरली आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीवर जाऊन नुसतीच उभी राहिली, कोण काय दळतंय ते बघत. परत आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात. माझा तांदळाच्या पिठाचा डबा उचलला आणि अंगणात उपडा केला.

"खावा गो बायांनो," ती कोंबड्यांना म्हणाली. "गव्हाच्या मागसून दळलेला पीठ तुमीच खावा. पोराक कित्याक घालतत?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गिरणीत माझ्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा, तो दगडात राहायचा आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र तांदळात उतरायचा. पोरीला मीच आजारी पाडत होते, रोज भाकऱ्या थापून.

त्यानंतर थोरलीने पडवीतलं जुनं जातं घासून धुतलं आणि त्यावर तांदूळ-नाचणीशिवाय काही पडू दिलं नाही. पावसात टाकळ्याची भाजी नि नाचणीची भाकरी, नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, भात घरात आलं की नव्या तांदळाचे शेवयांसारखे शिरवाळे नारळाच्या रसात, मे महिन्यात फणसाची वाफवलेली सांदणं. मनूचं वर्ष त्या भिंतीपलीकडे शिजायचं. एकदा माझी हिंगाची डबीही तिने मनूकडून वाचून घेतली आणि अंगणात जाहीर केलं, "हिंगातय मैदो असता. शिकलेल्यांका वाचूक येत नाय काय?" डबी मी गुपचूप फेकली, वर चार भांडी आपटली.

मनूचे गाल भरले, ती शाळेत पळायला लागली. मी आभार मानले का? छे! मला तिचा रागच यायचा, आणि पलीकडून सांदणांचा वास आला की जास्तच यायचा. माझी पोर तिच्या हातचं खाऊन वाढत होती, हे मला सहन होत नव्हतं.

गेल्या फाल्गुनात, मनू बारा वर्षांची असताना, थोरली गेली. दोन महिने अंथरुणाला खिळली होती, पेज भरवायला मीच होते. तोंड उघडायची, पण नजर छपराकडे. माझं चुकलं, एवढंच मला म्हणायचं होतं. रोज ओठांवर यायचं आणि रोज मी ते गिळायचे.

बाराव्याला सगळा गोतावळा जमला. वड्यांच्या पिठात गहू, खीर रव्याची. मी सकाळपासून वाढत होते. तिसरी पंगत उठली आणि धस्स झालं, मनू काय जेवली? वाडीतल्या प्रत्येक लग्नात, पूजेत पोर जेवून यायची, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की काय जेवलीस. तिच्यासाठी आधी जाऊन वेगळं पातेलं कोण ठेवत होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

धावत पलीकडे गेले. मनू थोरलीच्या चुलीपुढे बसून घावणे खात होती, स्वतः केलेले. अगं, मला सांगायचंस तरी, असं मी म्हटलं.

"काकीन आधीच सांगलेला," ती म्हणाली. "माझ्या बाराव्याक तुझी आवस गडबडीत तुका इसारतली, तू तुझा करून घे. आनी दोन घावणे तिकाय ठेव, ती सगळ्यांका वाढून उपाशीच ऱ्हवतली."

आणि तिने झाकलेली ताटली माझ्यापुढे सरकवली. मी खरंच सकाळपासून उपाशी होते. माझ्याशी बोलायची नाही मेली, आणि मला एवढं ओळखून होती. बारा दिवस माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पहिला घास तोंडात घातला आणि मग मला हुंदका आवरेना.